इम्तियाजभाईंची पक्की खळ

कसबा पेठेत चाळीस वर्षं पुस्तकबांधणी करणाऱ्या इम्तियाजभाईंच्या खळीने चिकटवलेला कागद आजवर सुटला नव्हता. हे त्यांचं स्वतःचं मत, आणि ते गिऱ्हाइकाला चहाच्या आधी ऐकवलं जाई. सुटला नव्हता हे खरंच. पण हल्ली उंदीर कुरतडायला लागले होते. एका वकिलाचे तीन जाडजूड खंड पाठीकडून फस्त झाले, तेव्हा इम्तियाजभाई संतापून उंदरांच्या विषाच्या वड्यांचा खोका घेऊन आले.

लेक मेहजबीनने हिंजवडीच्या ऑफिसातून फोनवर तास घेतला. दुकान घरातच, आणि घरात तिचा दोन वर्षांचा कामरान, शेजारची मांजर, समोरच्या पिंपळावर घुबड. मांजरीने किंवा घुबडाने विष खाऊन मेलेला उंदीर खाल्ला तर त्यांचाही जीव जायचा. तेव्हा वड्या कुलपाच्या पेटीतच ठेवायच्या, किती ठेवल्या ते लिहायचं, मेलेला उंदीर हातमोजे घालून लगेच उचलायचा आणि विषाचं नाव असलेला खोका जपायचा. इम्तियाजभाईंचं डोकंच फिरलं. अर्ध्या पुण्याची पुस्तकं ज्याने जपली, त्याला कागद कसा जपायचा ते शिकवतेस?

रागारागाने का होईना, त्यांनी सगळं केलं. कपाटामागे लोखंडी पेटी स्क्रूने बसवली, उंदीर जाईल एवढंच भोक ठेवलं, कुलूप घातलं. मग रिकामा खोका उलगडून त्यावर वड्यांचा आकडा लिहिला आणि पेटीच्या वर भिंतीला खळीने असा चिकटवला, की भिंत पडेल पण खोका पडणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कामरान कपाटामागून बाहेर आला. तोंड निळंशार. वड्याही निळ्याच होत्या.

इम्तियाजभाई त्याला उचलून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात धावले. वय बासष्ट, पण पायात चपला आहेत की नाहीत याचंही भान नव्हतं. डॉक्टरांनी विषाचं नाव विचारलं.

"भिंतीवर लावलंय," इम्तियाजभाई म्हणाले आणि घरी पत्नीला फोन लावला.

"भिंतीवर काही नाही," नसीमबानू म्हणाल्या. "खाली नुसता चुरा पडलाय. पेटीत सहा वड्या आहेत. तुम्ही किती ठेवल्या होत्या?"

सहा, की आठ? इम्तियाजभाईंना आठवेना. लिहून ठेवलेलं लक्षात कोण ठेवतो?

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे विष जपून ठेवलंत, आणि माहिती उंदरांना वाढलीत."

अखेर विष विकणारा दुकानदार फोनवर सापडला. त्याने नाव सांगितलं आणि खोक्यात सहाच वड्या येतात असंही सांगितलं. सहाच्या सहा पेटीत होत्या. एकीलाही दात लागलेला नव्हता. तेवढ्यात डॉक्टरांनी कामरानच्या गालातून एक चोथा काढला. खोक्याचाच निळा तुकडा. त्यावर विषाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं शाबूत होती. तरी खबरदारी म्हणून त्यांनी पोराला संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. इम्तियाजभाई बाकावर बसून गुपचूप डोळे पुसत होते.

मेहजबीन धावतपळत आली. कामरानला कुशीत घेतल्यावर तिने एकच विचारलं, "अब्बा, खळीत घालता तरी काय?"

"मैदा. आणि थोडी साखर." मग जरा चिडूनच, "पकड येते त्याने."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानदाराकडून नवा खोका मागून आणला आणि त्यावर ठळक 'सहा' लिहिलं. मग दुकानाचं दार आतून लावून घेतलं, गल्लीतून कोणी बघत नाही याची खात्री केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच भिंतीवर कागद खिळ्याने ठोकला.