उकिडव्यांचा लाकडी कन्सोल

"दुकानातून आणलेला गेम कन्सोल म्हणजे हॉटेलातलं पिठलं," असं गुरुनाथ उकिडवेने अमेरिकेतल्या बॉथेलच्या मराठी मंडळात, गणपतीच्या आरतीनंतर, चाळीस माणसांसमोर जाहीर केलं. एका हातात मोदक होता, त्यामुळे दुसऱ्या हाताने त्याने हवेत एक चौकोन काढून दाखवला. "बाहेरून अस्सल १९८० सालचा. लाकडी दर्शनी भाग, स्टीलचे खटके, वरून कॅसेट घालायची खाच. आणि आत काय? अख्खा पीसी. यंदाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळाच्या पोरांना मी त्यावर गेम खेळवून दाखवतो."

मंडळाचा अध्यक्ष देवदत्त शांतपणे म्हणाला, "गुरू, माझ्याकडे दुकानातला आहे. वायर लावली की चालतो. संक्रांतीला तोच आणू."

"तुझ्याकडे आत काय चाललंय ते तुला कळतं का?"

"नाही. कळायची गरजच पडली नाही कधी."

यावर लोक हसले, आणि ते हसणं गुरुनाथच्या जिव्हारी लागलं. शेवटी ठरलं असं, की डिसेंबरात देवदत्तने घरी येऊन मशीन बघावं. दोन तास न अडखळता चाललं, तर संक्रांतीला गुरुनाथचा कन्सोल. नाहीतर देवदत्तचा.

गुरुनाथ एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता, म्हणजे बारा वर्षं तो दुसऱ्यांच्या चुका शोधत आला होता. स्वतःच्या हाताने काही केल्याचं त्याच्या नावावर नव्हतं. त्यामुळे तो गॅरेजमध्ये शिरला तो एखाद्या ऋषीने गुहेत शिरावं तसा. गाडी बाहेर गेली, करवत आत आली. अक्रोडाच्या लाकडाची फळी त्याने इतक्या वेळा घासली की तिच्यात तोंड दिसू लागलं. सहा स्टीलचे खटके त्याने जुन्या रेडिओच्या दुकानातून निवडून आणले. प्रत्येक खटका कानाशी धरून, सतारीची तार जुळवावी तसा वाजवून पाहिला. कॅसेटी त्याने स्वतः केल्या. प्रत्येकीच्या पोटात एक पेनड्राइव्ह आणि पेनड्राइव्हमध्ये त्याने स्वतः लिहिलेला एक गेम.

त्याची बायको नीलांबरी एका बायोटेक लॅबमध्ये काम करायची. तिने पहिल्या महिन्यात एकच प्रश्न विचारला, "जे दुकानात तयार मिळतं ते बनवायला तीन महिने का?"

"तो फक्त गेम खेळतो. हा सगळं करतो. शिवाय उद्या काही बिघडलं तर उघडून नीट करता येतं."

"म्हणजे बिघडणार हे तू धरूनच चाललायस," असं म्हणून ती लॅबला निघून गेली.

पण नोव्हेंबरच्या शेवटी कन्सोल दिवाणखान्यात टीव्हीशेजारी आला, तेव्हा तीसुद्धा जवळ येऊन बघून गेली. वस्तू खरोखर देखणी झाली होती. खटका दाबला की 'खट्' असा भरदार आवाज यायचा, तांबडा दिवा लागायचा आणि पडद्यावर चौकोनी चौकोनी तारे चमकायला लागायचे. तेरा वर्षांची इशिता एरवी बापाच्या कुठल्याही पराक्रमाकडे बघत नसे. ती म्हणाली, "बाबा, दिस इज अ‍ॅक्चुअली कूल." त्या 'अ‍ॅक्चुअली'कडे दुर्लक्ष करून गुरुनाथने ते वाक्य जपून ठेवलं.

घरात आणखी एक माणूस होतं. ऑक्टोबरात सांगलीहून आलेल्या गुरुनाथच्या सासूबाई, कृष्णाताई. गुरुनाथ त्यांना आई म्हणायचा आणि त्या त्याला गुरुनाथराव. सांगलीत त्यांच्या दह्याचं नाव होतं. भांडं उपडं केलं तरी पडत नाही, अशी त्याची ख्याती. पण बॉथेलच्या थंडीत दही काही लागेना. ब्लँकेटमध्ये गुंडाळून झालं, हीटरच्या जाळीपाशी ठेवून झालं. ओव्हनमध्ये ठेवायचं त्यांच्या मनाला पटेना. रोज सकाळी त्या भांड्याचं झाकण उघडायच्या, आत डोकावायच्या, आणि झाकण पुन्हा लावायच्या. चाळीस वर्षांत असा अपमान त्यांचा कुणी केला नव्हता.

आणि डिसेंबर लागला तसं एक दिवस दही लागलं. चमच्याने कापावं असं.

"आई, काय दही आहे," गुरुनाथ जेवता जेवता म्हणाला.

"जमलं हो," एवढंच त्या म्हणाल्या.

तुमच्यापासून काय लपवायचं? एका रविवारी कन्सोलवरची धूळ पुसताना कृष्णाताईंच्या हाताला वरची जाळी लागली होती. जाळी कोमट होती. दह्याला हवी तेवढी, ना कमी ना जास्त. त्या काळचे प्रोसेसर असे तापायचे की त्यावर पोळी भाजली असती, आणि ती ऊब बाहेर पडायला गुरुनाथने वरती अक्रोडाच्या लाकडात सुबक जाळी कोरली होती. सोमवारी सगळे घराबाहेर पडल्यावर कृष्णाताईंनी खटका दाबला, जाळीवर दह्याचं भांडं ठेवलं आणि त्यावर आपली शाल पांघरली. दोन वाजता भांडं फ्रीजमध्ये, शाल कपाटात, खटका बंद. 'मशीनला कुणी हात लावायचा नाही' असं जावयाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, म्हणून हा विषय त्यांनी काढला नाही. आणि पाच तास समोर पडद्यावर आकाशातून दगड पडत असताना माणूस नुसतं बसून तरी किती राहणार? एक दिवस त्यांनी खेळायची दांडी हातात घेतली.

इकडे गुरुनाथची झोप उडाली. टेस्टरच तो. त्याने मशीनमध्ये स्वतःचा एक प्रोग्रॅम टाकून ठेवला होता, दिवसभर कधी काय झालं त्याची नोंद ठेवणारा. त्यात दिसत होतं की मशीन रोज सकाळी नऊला आपोआप सुरू होतं, भयंकर तापतं आणि दोनला आपोआप बंद होतं. त्याहून वाईट म्हणजे गुणांची यादी. दगड फोडायच्या गेममध्ये स्वतः गुरुनाथचे सगळ्यात जास्त गुण होते अकरा हजार. यादीत पहिला आकडा होता चौऱ्याऐंशी हजार. खेळणाऱ्याचं नाव, AAA.

"इशिता, तू खेळलीस?"

"आय विश," इशिता म्हणाली.

नीलांबरीने नुसतं बघितलं, त्यामुळे तिला विचारायची गरज पडली नाही. सासूबाईंना विचारावं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मेमरी खराब झाली, असं त्याने निदान केलं आणि मेमरी बदलली. दुसऱ्या दिवशी AAA ब्याण्णव हजारांवर. त्याने पॉवर सप्लाय बदलला. AAA एक लाखाच्या वर. त्याने गुण मोजायचा कोड पुन्हा पहिल्यापासून लिहिला. त्या आठवड्यात यादीतली दहाच्या दहा नावं AAA झाली. गुरुनाथ रोज संध्याकाळी खिन्न चेहऱ्याने जेवायला बसायचा आणि दही तेवढं दोनदा वाढून घ्यायचा.

"हल्ली या घरात तेवढी एकच गोष्ट धड होतेय, आई," तो म्हणायचा. कृष्णाताई खाली मान घालून आणखी एक चमचा वाढायच्या.

ठरलेला शनिवार उजाडला. देवदत्त आणि त्याची बायको रेणू चार वाजता येणार होते. गुरुनाथने अनावरणाचा बेत केला होता. कन्सोलवर त्याने लग्नातलं जरीचं उपरणं घातलं, चार ओळींचं भाषण पाठ केलं आणि नीलांबरी, इशिताला घेऊन तो सामान आणायला गेला. घरात राहिल्या कृष्णाताई. पाहुण्यांना दहीवडे करायचे होते. रोजच्यापेक्षा मोठं पातेलं होतं आणि वेळ कमी. त्यांनी उपरणं अलगद उचललं, पातेलं ठेवलं, उपरणं होतं तसं पसरलं, खटका दाबला. सोय बघून त्यांना जावयाचं कौतुकच वाटलं. आज शालसुद्धा आणावी लागली नाही.

चार वाजता पाहुणे आले तेव्हा त्या वरच्या खोलीत साडी बदलत होत्या. उपरण्याखालची आकृती सकाळपेक्षा वीतभर उंच झाली आहे आणि पडद्यावर तारे आधीच लागले आहेत, हे भाषणाच्या नादात गुरुनाथला दिसलं नाही.

"मंडळी," तो म्हणाला, "जुनं ते रूप, आणि नवं ते..."

"गुरुनाथराव, थांबा," जिन्यावरून आवाज आला.

पण उपरणं ओढून झालं होतं. उपरण्याबरोबर पातेलं आलं, हवेत एक गिरकी घेतली आणि गालिच्यावर उपडं पडलं. त्यातल्या दह्याचा एक मोठा काप मात्र मध्येच सुटला, जाळीवर बसला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शांतपणे आत उतरला. पडद्यावर तारे थरथरले. मग पडदा काळा झाला.

गुरुनाथने यंत्रासारखं वाकून प्लग काढला. मग पातेलं उचललं. खाली गालिच्यावर उरलेलं दही घुमटासारखं उभं होतं, कुठे चीरसुद्धा नाही.

"मोडलं नाही बघ," रेणू अभावितपणे म्हणाली.

कृष्णाताई शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. "माझी चूक आहे. रोज ठेवत होते मी. इथं कुठेच ऊब नाही हो. तुमच्या त्या खोक्यात तेवढी होती."

गुरुनाथच्या डोक्यात नऊ वाजता, दोन वाजता, ताप, सगळं एकदम जुळलं. मशीन आपोआप सुरू होत नव्हतं. मशीन चांगलं होतं. पहिल्यापासून चांगलं होतं. समोर तीन महिन्यांची मेहनत दह्यात बुडाली होती आणि त्याला हसू येत होतं, हे त्याचं त्यालाच विचित्र वाटलं.

"तुमची नाही, आई," तो म्हणाला. "मला एकदा विचारता आलं असतं तुम्हाला."

देवदत्तने हळूच घसा साफ केला. "गुरू, वाईट वाटून घेऊ नकोस. संक्रांतीला माझा आणू."

गुरुनाथने त्याच्याकडे पाहिलं. "देवा, तुझ्या कन्सोलमध्ये दही गेलं तर काय करशील?"

"कंपनीला पाठवीन."

"कंपनी काय म्हणेल?"

देवदत्तने विचार केला. "नवीन घ्या म्हणेल."

"इशिता, स्क्रूड्रायव्हर आण. आणि तुझा कॉम्प्युटर खाली आण."

"बाबा, माय होमवर्क."

"आज शनिवार आहे."

चार स्क्रू फिरले आणि अक्रोडाचं झाकण उघडलं. दही नेमकं ग्राफिक्स कार्डावर आणि पंख्यावर बसलं होतं. तेव्हा नीलांबरी पुढे झाली. तिने केस बांधले, हातमोजे चढवले, स्पिरिट, कापसाच्या काड्या आणि मऊ ब्रश घेतला आणि लॅबमधला नमुना समोर असावा तशी ती मदरबोर्डावर वाकली. तिने कण न कण टिपला. मग म्हणाली, "आत किती नीट बांधलंयस रे वायरी." तीन महिन्यांत तिने पहिल्यांदाच आत पाहिलं होतं. गुरुनाथला भाषण करायचं होतं, पण तो इशिताच्या कॉम्प्युटरमधून कार्ड आणि पंखा काढत राहिला.

पाऊण तासाने सगळं वाळवून, इशिताचं कार्ड बसवून प्लग लावला. खटका दाबला. खट्. तांबडा दिवा. तारे.

देवदत्त खुर्चीवरून उठून जवळ आला. "दुसऱ्या कॉम्प्युटरचं कार्ड यात चालतं?"

"पीसीच आहे ना तो."

पडद्यावर गुणांची यादी आली. देवदत्तने चष्मा वर सरकवला. "हे मात्र चुकलंय. एक लाख बारा हजार? या गेममध्ये शक्यच नाही."

"शक्य नसायला काय झालं?" कृष्णाताई म्हणाल्या. "माझेच आहेत ते. ते बघा, आईचा ए लिहिलाय, तीनदा."

त्यांनी पदर खोचला, दांडी हातात घेतली आणि ताकाच्या रवीवर बसावा तसा त्यांचा हात दांडीवर बसला. पुढचा तासभर आकाशातून पडलेला एकही दगड जमिनीला लागला नाही. इशिता 'आजी, लेफ्ट' म्हणता म्हणता गप्प झाली. रेणूने वडे तसेच, दह्याशिवाय खाल्ले. देवदत्त आधी मांडी घालून, मग गुडघ्यांवर, मग टीव्हीपासून हातभर अंतरावर बसला. तासाने त्याने, "काकू, मला एकदा द्या ना," असं अशा आवाजात विचारलं, की तो मंडळाचा अध्यक्ष आहे हे कुणाला खरं वाटलं नसतं. मशीन दोन तास चाललं का, हे घड्याळात बघायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. निघताना देवदत्तने उगाचच एक खटका दोनदा वरखाली केला आणि म्हणाला, "असा आवाज माझ्याकडे नाही." गुरुनाथला तेवढं पुरलं.

संक्रांतीला कन्सोलसमोर रांग लागली. पोरांची कमी, काकालोकांची जास्त.

मार्चमध्ये कृष्णाताईंचा परतीचा दिवस जवळ आला. बॅगा भरताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गुरुनाथराव, हे मशीन आपल्याकडच्या विजेवर चालेल का हो? दुकानातलं म्हणे जळतं."

"आई, तीच तर गंमत आहे." गुरुनाथ उत्साहाने कन्सोल वळवून बसला. "पीसीचा पॉवर सप्लाय आहे. हे मागचं तांबडं बटण बघा. इकडे एकशे पंधरा व्होल्ट, तिकडे दोनशे तीस. बटण सरकवा, पिन बदला, सांगलीत खुशाल चालेल. हादरे बसले तरी काही होत नाही. जगाच्या पाठीवर कुठेही न्या." असं तो पंधरा मिनिटं सांगत होता. नीलांबरी दारात उभी राहून त्याला गप्प राहायच्या खुणा करत होती.

"मग झालं तर," कृष्णाताई म्हणाल्या आणि बॅगेतल्या साड्या एकेक करून बाहेर काढायला लागल्या.

गुरुनाथला जरा उशिरा कळलं. "आई, पण सांगलीत दह्याला ऊब कशाला लागते?"

"दह्यासाठी कोण नेतंय?" त्या म्हणाल्या आणि मोकळ्या झालेल्या बॅगेत त्यांनी आधी ती दांडी ठेवली.