मुरलेलं पाणी

"चार स्क्रू अन् तीन नळ्या! एवढ्यासाठी कंपनीचा माणूस कशाला बोलवायचा?" असं म्हणून रामप्रसादनं आरओचं खोकं ओट्यावर ठेवलं आणि बाह्या सरसावल्या.

हा गडी वाळूजच्या एका कारखान्यात तपासनीस. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, केसभर फरक निघाला की बाजूला फेकायचे, हे त्याचं बारा वर्षांचं काम. त्यामुळं जगात जे मोजता येतं ते आपल्याला कळतं, अशी त्याची पक्की समजूत. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं पोळीला पट्टी लावून बघितली होती. तेव्हा योगिनीनं लाटणं हातात घेऊन विचारलं, "आता हे पण मोजता का?" तेव्हापासून निदान जेवताना तरी तो गप असायचा.

पण आरओ आणला तो काही हौसेनं नाही. बिचाऱ्याच्या जिवाला घोर लागलेला. दुष्काळाचं ते लागोपाठ तिसरं वर्ष. पैठणकडच्या गावात त्याची माय सखूबाई एकटी राहायची, घरची मेंढरं सांभाळत. आड आटला, तिचं पाणी पिणं कमी झालं, आणि पोटात मुतखड्याची कळ उठली. रामप्रसादनं मेंढरं चुलता खंडेरावच्या हवाली केली आणि मायला संभाजीनगरला उचलून आणलं. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, "दोन खडे आहेत. रोज तीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. पंधरा दिवसांनी परत बघू. खडे हलले नसतील तर ऑपरेशन."

ऑपरेशन म्हटल्यावर रामप्रसादच्याच पोटात कळ आली. सखूबाई मात्र थंड.

"पंधरा दिवस राहीन," ती म्हणाली. "पाणी मानवलं तर बघू. नायतर मला पैठणच्या यष्टीत बसवून दे. चाकू लावून घ्यायला म्या काय कलिंगड हाय?"

आणि पाणी मानवेना. रामप्रसादचं घर संभाजीनगरच्याच सातारा भागात. तिथं आधी प्लॉट पडले, मग घरं झाली, मग रस्ते, आणि नळ अजून यायचाय. सगळी गल्ली टँकरवर. मागच्या अंगणात दोनशे लिटरचा निळा ड्रम, दर चौथ्या दिवशी साहेबरावचा टँकर यायचा आणि तो भरायचा. सखूबाईनं पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं.

"आमच्या गावाशेजारी एवढं धरण, अन् तुमी पाणी टँकरातलं पिता. प्लास्टिकाचा वास येतोय रे ह्याला."

म्हणून आरओ. भोकं पाडताना ड्रिल जरा जास्तच आत गेलं. भिंत शेजारच्या गोजरबाईंची आणि ह्यांची सामाईक, तीही अर्ध्या विटेची. पलीकडून शांत आवाज आला, "रामप्रसाद, फोडणीत विटकर पडली बरं का." त्यानं भोकातूनच माफी मागितली.

शेवटी यंत्र बसलं. ड्रमाच्या खालच्या तोटीतून एक नळी घरात, यंत्रातून गोडं पाणी पेल्यात, आणि उरलेलं क्षाराचं पाणी दुसऱ्या नळीनं खिडकीबाहेर. रामप्रसादनं खिशातून टीडीएसचा मीटर काढला. पेनाएवढी काडी, पाण्यात बुडवली की किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा दाखवते. ड्रमातलं पाणी सहाशे वीस. यंत्रातलं अडतीस!

"अडतीस, माय! बाटलीतल्या पाण्याच्या तोंडात मारेल असं पाणी. घे."

सखूबाईनं घोट घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला.

"हे पाणी हाय का वारा? तोंडात गेलं तरी कळंना. पाण्याचं कायतरी म्हणणं असावं लागतं, रामा."

तेवढ्यात तिला खिडकीबाहेर धार ऐकू आली. "नळी फुटली वाटतं."

"फुटली नाय. ते टाकाऊ पाणी. एक तांब्या चांगलं निघतं, तीन तांबे बाहेर जातंय."

सखूबाई मटकन पाटावर बसली. "टाकाऊ? पाणी?"

आता बघा, ही बाई जन्मभर मेंढरांमागं फिरलेली. मेंढरं पाणी पिऊन झाली की कुंडीत उरलेलं चुळकाभर पाणीसुद्धा त्यांच्या घरात कुणी भुईवर ओतत नसे. ते परत हौदात जायचं. सासूनं तिला हाताला धरून शिकवलं होतं. रामप्रसादला हे लहानपणापासून ठाऊक, म्हणून त्यानं नळीखाली बादली ठेवली. "हे भांड्याला, फरशीला वापरू," असं सांगितलं आणि विषय मिटला असं धरून तो कामाला गेला.

कॅलेंडरावर तो रोज लिहायला लागला. ड्रमाचा आकडा, यंत्राचा आकडा आणि मायचे तांबे. पहिल्या दिवशी माय एकच तांब्या प्याली, तोही त्याच्या तोंडाकडं बघून.

चौथ्या दिवशी टँकर आला तेव्हा ड्रम निम्म्याच्या वर भरलेला होता, असं तो भरणाऱ्या मायनं सांगितलं. रामप्रसादची छाती फुगली.

"बघितलंस, योगिनी? लोकांचे आरओ ड्रमच्या ड्रम पितात. बसवणारा हुशार पाहिजे."

बादली रोज रिकामी दिसते, तेव्हा नवऱ्यानं टाकाऊ पाण्याची काहीतरी वेगळी सोय केली असावी, असं योगिनीला वाटलं. नवऱ्याला वाटलं, बायको बादलीचं पाणी भांड्याला वापरते. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. अहो, विचारलं असतं तर संसार कशाला म्हणायचा?

त्या रात्री तोटीखाली काडी धरली तर ड्रमाचा आकडा सातशे ऐंशी. सातव्या दिवशी हजाराला टेकला. दहाव्या दिवशी तेराशे, आणि यंत्रातलं पाणी अडतिसावरून एकशे दहावर! रामप्रसादनं यंत्र उघडलं. जाळ्या धुतल्या, नळ्या काढून परत बसवल्या, यंत्राला अगरबत्तीसुद्धा ओवाळली. आकडा चढतच गेला.

आणि भीती वाटावी अशी गोष्ट वेगळीच. माय आता जास्त पाणी प्यायला लागली होती. सहाव्या दिवशी दोन तांबे, नवव्याला तीन, दहाव्याला साडेतीन. पाणी बिघडतंय आणि माय ते ढोसतेय! पोटातल्या खड्याचा धोंडा होणार, ह्या विचारानं त्यानं तिच्या हातातला तांब्या धरला.

"माय, जरा बेतानं पी."

"कामून? तूच म्हणलास ना पी म्हणून?"

"व्हय, पण एवढं नको."

"योगिने, ह्याला काय झालंय? पीत नव्हते तवा रडत होता, पितेय तर रडायलाय."

आता संशय कुणावर घ्यायचा? टँकरवर. बाराव्या दिवशी साहेबराव गल्लीत आला, बायाबापड्या ड्रमची झाकणं काढून उभ्या, आणि रामप्रसाद सगळ्यांदेखत टँकरच्या पायरीवर चढून वरच्या तोंडातून काडी बुडवायला लागला. आकडा आला सहाशे दहा. पाणी अगदी होतं तसंच.

साहेबराव खाली उभा राहून बघत होता. आवाज न चढवता म्हणाला, "भाऊ, सहा वर्षं झाली ह्या गल्लीला पाणी पाजतोय. उन्हाळ्यात चार-चार तास लाईनीत थांबून आणतो. माझ्या पाण्यात आजपर्यंत कुणी काडी घातली नाय." एवढं बोलून त्यानं पाइप गुंडाळला आणि भरलेला टँकर घेऊन निघून गेला. बारा घरांचे ड्रम आ वासून राहिले.

गोजरबाई म्हणाल्या, "आधी आमच्या भिंतीला भोक पाडलं. आता सगळ्या गल्लीच्या नशिबाला पाडलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामप्रसाद टँकर भरतात तिथं जाऊन हात जोडून उभा राहिला. साहेबरावनं त्याला अर्धा तास उन्हात तसंच ठेवलं, मग चहा पाजला. "येतो गल्लीत," तो म्हणाला, "पण ती काडी माझ्याजवळ ठेवायची." रामप्रसादनं खिशातून मीटर काढून दिला. देताना त्याला आपलं बोटच कापून दिल्यासारखं वाटलं.

आता मोजायला काही नाही. घोर मात्र तेवढाच. मग उरला एकच संशय: गोजरबाई! भोकाचा राग काढायला ती ड्रमात मीठ टाकत असणार. रामप्रसादनं अर्धी रजा टाकली, दुपारी चोरपावलांनी मागच्या अंगणात आला आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरीमागं उकिडवा बसला. पाचच मिनिटांत भिंतीवरून गोजरबाईंचं डोकं आलं.

"काय रामप्रसाद, कंपनीला सुट्टी? का योगिनीनं घराबाहेर काढलं?"

तो तोंडावर बोट ठेवणार, तेवढ्यात घरातून माय आली. हातात पदराचा बोळा. तिनं ड्रमाचं झाकण उचललं, मागच्या बाजूनं आत सोडलेली एक बारीक पांढरी नळी बाहेर काढली, पदरानं मायेनं पुसली आणि परत आत सोडली. बारा वर्षं मोजण्यात घालवलेल्या माणसानं पहिल्यांदा नुसतं बघितलं, आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. टाकाऊ पाण्याची नळी! यंत्रानं क्षार काढायचा आणि मायनं तो परत ड्रमात सोडायचा. टँकरचं पाणी ड्रमात भरायचं काम तिनंच अंगावर घेतलेलं, त्यामुळं झाकण दुसरं कुणी उघडलंच नव्हतं.

"माय, हे काय करायलीस?"

सखूबाई जराही दचकली नाही. "उरलेलं पाणी परत हौदात. नितळ हाय की, बघ. तुझा ड्रम चार दिवस जास्त पुरतो तो काय तुझ्या हुशारीनं?"

भिंतीपलीकडं गोजरबाई खोकल्यासारखं करून खाली बसल्या.

रामप्रसादनं नळी उपसली, ड्रम धुतला, संध्याकाळी टँकर आल्यावर नवं पाणी भरलं, यंत्राची आतली जाळी बदलली. मायला पाऊण तास क्षार म्हणजे काय ते समजावलं. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून परत एका तांब्यावर आली.

"आता पुन्यांदा वारा लागलाय," एवढंच म्हणाली.

पंधराव्या दिवशी औरंगपुऱ्यात दवाखान्याच्या बाकावर रामप्रसाद देवाचं नाव घेत बसला होता. ऑपरेशन झालं तर त्याला कारण आपणच, हे त्यानं मनाशी कबूल केलं होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला.

"एक खडा पडून गेला. दुसरा बराच खाली आलाय. ऑपरेशनची गरज नाही. किती पाणी पीत होतात, आजी?"

"साडेतीन तांबे. लई ग्वाड होतं. आमच्या आडावानी."

डॉक्टर रामप्रसादकडं वळून म्हणाले, "शाबास. असंच आणखी महिनाभर चालू ठेवा. त्यांना आवडतंय तेच पाणी द्या, पण पोटात गेलं पाहिजे."

"ते पाणी ह्यानं परवा ओतून दिलं," सखूबाई म्हणाली. रामप्रसाद भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र वाचायला लागला.

घरी आल्याबरोबर मायनं गाठोडं बांधायला घेतलं. पंधरा दिवस झाले, बोली संपली, चारची यष्टी. गावात आड कोरडा, खडा अजून पोटात, आणि माय निघाली. योगिनी म्हणाली, "अहो, आत्याबाईंना थांबवा की." त्यानं तिच्याकडं बघितलं, मग ड्रमाकडं बघितलं. अंगणात गेला, खिडकीबाहेरची पांढरी नळी उचलली, झाकण वर केलं आणि आपल्या हातानं ती ड्रमात सोडली.

तासाभरानं त्यानं पेला भरून मायपुढं धरला. मीटर तर साहेबरावच्या खिशात, आता मोजायला घरात एकच साधन उरलं होतं, ते म्हणजे मायची जीभ.

सखूबाईनं घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"नाय अजून. लोणच्यासारखं असतं हे. मुरायला आठ-पंधरा दिवस लागतेत."

मग गाठोड्याची गाठ सोडत म्हणाली, "मुरस्तोवर राहते. तू फक्त मोजू नको."