तिसऱ्या पायरीवरचा ढीग

"हालू नका! बिलकुल हालू नका! हाललं की दोन मुंडके येतेत!"

हसनाबादच्या भरल्या बाजारात किसनमामा मोबाइल धरून एका म्हशीभोवती गोल फिरत ओरडत होते. म्हैस हाललीच. मोबाइलमध्ये ती सात पायांची उतरली, आणि त्या पायांवर भुलून एका व्यापाऱ्याने जास्तीचा भाव दिला, असं आमच्याकडे छातीठोक सांगतात. सांगणारा बहुधा मीच असतो.

मामा आमचे शेजारी, मेंढरंवाले. गावची जुनी बारव मोजायला कॉलेजची पोरं आल्ती. चहूबाजूंनी फोटो काढायचे, मोबाइल ते जोडून अख्खी वस्तू उभी करतो, मग बोटानं फिरवून मागूनपुढून पाहायची. एवढं शिकवून पोरं गेली आणि मामा बिघडले. दिसेल त्याला प्रदक्षिणा! जुन्या जालन्यात उभ्या ऑटोभोवती फिरले, तर मागे सात-आठ बाया हात जोडून फिरायला लागल्या. ऑटोवाल्याने नारळ ठेवून घेतले. त्या दिवशी भाडं मारलंच नाही.

घरात भाकरीलाही फेरे. गयामामी करवादायच्या, "अवो, गार होऊन राह्यली ती!"

"बराबर. गार झाली की हालत न्हाई."

मग बारव बुजवून तिथे सभागृह बांधायची टूम निघाली. मामांनी जुन्या वास्तूंचे सरकारी साहेब गाठले. साहेब म्हणाले, स्वच्छ मॉडेल द्या, वाचवता येते का पाहू. मामांनी बारवेतून मेंढरं हाकलली, कबुतरं हाकलली, बेडकांना तोंडी नोटीस दिली. मॉडेल झकास उतरलं. फक्त तिसऱ्या पायरीवर एक हिरवट ढीग. त्या हिरव्या लुगड्यातल्या मामी. डबा घेऊन आल्या होत्या, आणि 'हालू नका' ऐकून जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं ऐकत बसून राहिल्या. त्यांना हाकलायची मामांची छाती नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मामी नातू सांभाळायला लेकाकडे पुण्याला गेल्या, त्या अजून तिकडेच. पाऊस पडला, बारव भरली, पायऱ्या बुडाल्या. आता नवे फोटो उन्हाळ्यातच. मामा ओसरीवर एकटेच मोबाइलमधली बारव फिरवत बसायचे. कुठूनही फिरवली तरी तिसऱ्या पायरीवर थांबायची.

साहेबांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. "मामा, काम छान आहे, पण तो ढीग पुसून टाका. असं मॉडेल वर चालत नाही. बारव जाईल तुमची!"

मीही खुणावलं, पुसा की, एका बोटाचं तर काम.

मामा म्हणाले, "पुसून पाह्यला, सायेब. खाली पायरी निघत न्हाई. भोक पडतं."