फाटकाबाहेरचं स्वागत

सोलापुरातल्या त्या सरकारी मुलांच्या हायस्कूलचा दबदबा असा, की प्रवेशासाठी आमदारांची चिठ्ठीही चालत नसे. शाळेनं शंभर वर्षांत न्यायाधीश दिले, कलेक्टर दिले. पण सकाळची घंटा झाल्यावर आत मात्र कुणालाच घेतलं नाही.

त्या दिवशी केमहून येणारी गाडी रखडली आणि त्यामुळे विजयमाला वाघमोडे फाटकाबाहेर राहिल्या.

"बाई, पालकांची भेट शनिवारी असती," शिपाई सिद्धाप्पा गजाआडून म्हणाला.

"मी नवी मुख्याध्यापिका आहे."

"पोरांची शाळा हाय ही. हितं सायबच असत्यात की."

बाईंनी उपमुख्याध्यापक गुरुशांत सरांना फोन लावला. तो बंद होता. प्रार्थनेच्या वेळी मोबाइल बंद ठेवायचा, हाही शाळेचाच नियम. तेवढ्यात मैदानातला लाउडस्पीकर खरखरला.

"आपले नवे मुख्याध्यापक, माननीय व्ही. बी. वाघमोडे साहेब, घंटेच्या आधी हजर झाले आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सिद्धाप्पानं बाईंकडे दयेनं पाहिलं. "बगा. सायब आलेत आत."

सरांच्या मोबाइलवर आलेल्या बदलीच्या आदेशात नुसती आद्याक्षरं होती. इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन जो पहिला पाहुणा आला त्याला त्यांनी फेटा बांधला, सोलापुरी टॉवेल दिला आणि व्यासपीठावर बसवलं. पाहुण्यानं दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. मग शाळेच्या इतिहासावर सरांचं भाषण झालं आणि अखेर माइक पाहुण्याच्या हातात आला.

"मी बिरुदेव," लाउडस्पीकर म्हणाला. "पान्याचं मशीन दुरुस्त कराय आलोय. ते कुटं हाय?"

सिद्धाप्पानं हळूच बाईंकडे पाहिलं आणि त्याचा हात कुलपाकडे गेला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "नियम मोडायचा नाही. आत यायला बंदी आहे ना? बाहेर यायला?"

सिद्धाप्पा विचारात पडला. "त्याला न्हाय."

"मग सरांना सांगा, मी इथेच रुजू होते."

निरोप गेला आणि सगळी शाळा रांगेनं रस्त्यावर आली. रिक्षा थांबल्या. बिरुदेवनं फेटा काढून अदबीनं पुढे केला. "तुमचा हाय, म्याडम. मला जरा ढिलाच हुता." गुरुशांत सरांनी घामाघूम होत तो बाईंच्या डोक्यावर चढवला. पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या, की समोरच्या दुकानदारांनीही वाजवल्या. बाई फेट्यातच फाटकाजवळच्या कठड्यावर चढल्या.

"ही शाळा कुणासाठी थांबत नाही, म्हणून मोठी आहे," त्या म्हणाल्या. "आजही थांबली नाही. मला घ्यायला आली. सिद्धाप्पा, घंटा पुन्हा द्या."

घंटा घणघणली. फेटेवाल्या बाई पुढे, मागे अख्खी शाळा, पाण्याच्या मशीनकडे निघालेला बिरुदेवही, सगळे ऐटीत आत शिरले. शेवटचा टोल पडला आणि सिद्धाप्पानं फाटक ओढून कुलूप घातलं.

बाहेर गुरुशांत सर गर्दीत निसटलेली चप्पल शोधत होते.

"अरे, उघड की," ते म्हणाले.

सिद्धाप्पानं आत पाहिलं. बाईंनी फेटा सावरत शांतपणे नकारार्थी मान हलवली.

"सर," सिद्धाप्पा अदबीनं म्हणाला, "घंटा झाली."