गुंडोपंतांचा शड्डू

कोल्हापुरात मांडीवर थाप मारणं म्हणजे कुस्तीचं आमंत्रण. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण आमचे शेजारी गुंडोपंत पडले गडहिंग्लजचे. रस्त्यानं चालताना, दुकानात कापड मोजताना, त्यांचा उजवा हात मांडीवर चालूच. एक थाप, मग करंगळीपासून एकेक बोट, मग उताणा हात, पुन्हा थाप.

एकदा तालमीच्या दारात हे चाललं असताना मातीनं माखलेला एक पैलवान बाहेर आला.

"पावणं, शड्डू कुणाला ठोकताय?"

गुंडोपंत म्हणजे धोतर नेसवलेली काठी. पण भ्यायचं नाव नाही.

"थांबा की हो, आवर्तन पुरं होऊ द्या!"

पैलवान बिचारा थांबला. आवर्तन संपल्यावर पंतांनी त्यालाच ताल शिकवायला घेतलं आणि वर "तुमच्यानं व्हायचं न्हाई" असं सांगून वाटेला लागले!

हा ताल त्यांच्या बायकोच्या गाण्याचा. सीताक्का म्हैसूरकडच्या. दर शुक्रवारी संध्याकाळी त्या अंबाबाईच्या गरुडमंडपात देवीच्या कर्नाटकी कृती, म्हणजे तिकडची पदं, गायच्या. ती दक्षिणी चाल आमच्या गावाला कळायची बेताचीच, पण आवाज असा की फुलवाल्या बायका गजरे ओवायच्या थांबत. पंत समोर बसून मांडी बडवत.

मी एकदा म्हटलं, "पंत, मांडी सोलवटून घेण्यापेक्षा एखादा मृदंगवाला बघा की."

"मृदंग तिला ऐकू कुठं येतोय?" पंत म्हणाले. "विषमज्वरात दोन्ही कान गेले. सूर तिच्या अंगातच हाय, पण ताल माझ्या हाताकडं बघून धरते. मी चुकलो की ती अडली. आणि चारचौघांत एकदा अडली, की पुन्हा तोंड उघडायची न्हाई. मी ओळखतो की तिला."

एवढं बोलतानाही त्यांचा हात चालूच होता.

नवरात्रातला शुक्रवार आला. मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सीताक्कांचा आवाज वर चढत गेला आणि नेमकी वीज गेली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना असा अंधार. सीताक्का अर्ध्या ओळीवर थांबल्या. पंतांची थाप ऐकू येत होती, पण ती आम्हाला. ज्यांना हवी त्यांना नाही. गर्दी चुळबुळायला लागली. "गप बसा की रं!" कुणी तरी ओरडलं.

मग थापही थांबली. आता संपलं, असं मला वाटलं.

आणि सीताक्कांचा आवाज आला. जिथं तुटला होता तिथूनच, आधी जरा कापरा, मग भरदार.

पुजाऱ्यानं कंदील आणला तेव्हा दिसलं. बायकोशी रस्त्यात बोलायलाही लाजणारे आमचे गुंडोपंत सगळ्या कोल्हापुरासमोर तिचा हात मांडीवर घेऊन बसले होते आणि तिच्या तळव्यावर ताल देत होते.

उजेड झाला तरी त्यांनी तो हात सोडला नाही.