बाबा, पेशंट आई आहे!

"पोट दुखतंय हो डॉक्टर. असं दुखतंय की काही विचारू नका," म्हणत योगिनीताई सोफ्यावर आडव्या झाल्या.

"विचारू नका काय, आई? विचारायचंच तर आहे मला!" समोरच्या खुर्चीतून चारुता करवादली.

चारुता युट्रेख्टच्या विद्यापीठात बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. उद्या तिची मेडिकलच्या प्रवेशाची मुलाखत होती, म्हणून रविवारी ती आइंडहोवनला घरी तालमीला आली होती. मुलाखतीत खोटाखोटा पेशंट समोर बसवतात आणि त्याच्याशी बोलायला लावतात. गेल्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, पेशंटनं तोंड उघडायच्या आत तिनं त्याला तीन रोग आणि दोन तपासण्या सांगून टाकल्या होत्या. 'हुशार आहे, पण ऐकून घेत नाही' असा शेरा मारून त्यांनी तिला परत पाठवलं. ही दुसरी संधी शेवटची होती.

"बरं, कधीपासून दुखतंय?"

"काल रात्री छोले खाल्ले ना तिनं, तेव्हापासून," बाजूनं श्रीनिवास म्हणाले.

श्रीनिवास चिप बनवणाऱ्या यंत्रांचे इंजिनिअर. यंत्रानं कुरकुर करायच्या आत बिघाड ओळखायचा ही त्यांची नोकरी, आणि ती घरीही चालू असे. योगिनीताई लग्न होऊन इथं आल्या तेव्हा त्यांना डच येत नव्हतं, म्हणून डॉक्टरपुढे नवराच इंग्रजीतून बोलायचा. पुढे त्या डच शिकल्या, पाळणाघरात नोकरीला लागल्या, तरी डॉक्टरपुढे बोलायचं काम काही श्रीनिवासांनी सोडलं नाही.

"बाबा, पेशंट आई आहे!"

"अगं, पण तिला नीट सांगता येत नाही."

हे योगिनीताईंना झोंबलं. आपल्याला किती नीट सांगता येतं हे दाखवायला त्यांनी अशी काही किंकाळी फोडली की शेजारच्या विल्मा आजी घरातल्या सपाता घालूनच धावत आल्या. नाटक आहे हे कळल्यावर आजी भलत्याच खूश झाल्या. आपणही पेशंट होणार म्हणून खुर्ची ओढून बसल्या. चारुतानं त्यांना डचमध्ये विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"गुडघा," श्रीनिवास इंग्रजीत म्हणाले. "डावा."

आजी आ वासून बघत राहिल्या. योगिनीताईंना हसू आवरेना. चारुताच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

"आय ॲम द सेम, बाबा. एक्झॅक्टली सेम. मी पण असंच करते. उद्या पण असंच करणार मी."

पोरीनं आपलं नाक घेतलं, गणित घेतलं, याचं श्रीनिवासांना कोण कौतुक होतं. हेही घेतलं असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. ते उठले, बायकोला सरकायला सांगून सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "मी होतो पेशंट. विचार."

"काय होतंय?"

"काही नाही."

योगिनीताई काहीतरी बोलणार, तेवढ्यात विल्मा आजींनी त्यांचा हात दाबला. चारुताच्याही ओठांवर काहीतरी आलं होतं, पण तिनं ते गिळलं आणि ती नुसती बापाकडे बघत राहिली. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"झोप येत नाही मला," शेवटी श्रीनिवास म्हणाले. "उद्या तुझं झालं नाही तर मी काय करू? यंत्र असतं तर खोलून बघितलं असतं. तुझं काय दुरुस्त करू, तेच कळत नाही गं."

मग ते बोलतच सुटले. युट्रेख्टला गेल्यावर तिची रिकामी झालेली खोली, गेल्या वर्षी निकालाच्या दिवशी तिचा फोनवरचा आवाज, सगळं बाहेर आलं. चारुतानं त्यांना एकदाही तोडलं नाही. आजींना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी डोळे पुसले.

"बरं वाटलं," श्रीनिवासांनी नाक शिंकरलं. "आता औषध?"

"औषध नाही, बाबा. दोन आठवडे वाट बघू. नाहीच बरं वाटलं तर परत ये."

श्रीनिवास थक्क झाले. इतकी वर्षं इथला प्रत्येक डॉक्टर त्यांना नेमकं हेच सांगून रिकाम्या हातानं घरी पाठवत आला होता आणि दर वेळी घरी पोचेपर्यंत ते त्याच्या नावानं खडे फोडत आले होते.

"योगिनी," ते म्हणाले, "पोरगी पास झाली गं!"