दामूनानांचा अर्धा पासवर्ड

माझ्या पडवीत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ रोज संध्याकाळी मोबाइलवर बंदुकांचा गेम खेळत बसायचे, आणि त्यांनी कधी एक गोळी झाडली असेल तर शपथ. ते दारं लावत फिरायचे.

थट्टा नाही करत, खरं सांगते. त्या गेममध्ये विमानातून माणसं एका बेटावर उड्या टाकतात, रिकाम्या घरांत शिरून बंदुका शोधतात आणि एकमेकांना टिपतात. शेवटी उरेल तो जिंकला. आमचे दामूनाना उडी टाकायचे, पहिल्या घरात शिरायचे, "काय माणसं हायत! दारं सताड टाकून गेलीत!" म्हणत पुढचं दार लावायचे, मागचं लावायचे, वर जाऊन गच्चीचंही लावायचे. मग पुढचं घर. आतून कडी घालायचीही सोय आहे त्या गेममध्ये, आणि ती नानांशिवाय कुणी वापरत असेल असं मला वाटत नाही. एकदा एकानं यांच्यावर बंदूक रोखली, तर हे त्याला वळसा घालून त्याच्या पाठीमागचं दार लावायला गेले. तो पोरगा बहुतेक इतका चक्रावला, की नुसता बघत उभा राहिला.

"नाना, अहो मारा ना त्याला!" मी ओरडले.

"कशाला? त्यानं माझं काय वाईट केलंय गो?"

नाना माझे शेजारी. रेवदंड्यात आमच्या दोन घरांत एकच कुंपण. मी मागच्या वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवते, म्हणून माझ्याकडे वायफाय आहे, आणि वायफाय आहे म्हणून पडवीत नाना आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात एकटेच. पण एकटा माणूस बिचारा वगैरे असतो, असं कुणी समजत असेल तर त्यानं आठवडाभर नानांच्या शेजारी राहून बघावं.

सुरक्षा हा नानांचा प्राण. मोबाइलच्या कॅमेऱ्याला पुढून-मागून जखमेला लावतात ती पट्टी चिकटवलेली. ओटीपी आला की हे मोरीत जाणार, आतून कडी लावणार, नंबर वाचणार आणि बाहेर येईपर्यंत विसरणार. मग पुन्हा मोरी. पाहुण्यांसाठी मी खोलीच्या भिंतीवर वायफायचा पासवर्ड लिहून ठेवला होता, तो यांनी नारळ सोलायच्या कोयत्यानं खरवडून काढला, रंगासकट. पुण्याच्या एका बाईंनी भोळेपणानं विचारलं, "काका, वायफाय?" तर म्हणतात, "आधी आधारकार्ड बघू."

आणि सगळ्यावर एकच सवाल: कशावरून? आज भरती मोठी आहे म्हटलं, कशावरून. सुरमई ताजी आहे म्हटलं, कशावरून. एकदा एका भामट्याचा फोन आला, "सर, मी तुमच्या बँकेतून बोलतोय." नाना म्हणाले, "कशावरून?" त्यानं नाव सांगितलं. "ते तुझंच कशावरून?" त्यानं शाखा सांगितली. "तिथंच बसलायस कशावरून?" अखेर त्या भामट्यानंच, "काका, सोडा मला," म्हणून फोन ठेवला.

हे सगळं आलं कुठून, तर दुकानातून. रेवदंड्याच्या बाजारात नाना आणि हसनमियाँ या दोघांचं भागीत दुकान होतं. कुलपं, कड्या, बिजागऱ्या, खिळे, होडीचा रंग. गावातल्या निम्म्या दारांना यांचंच कुलूप. आणि या दुकानाच्या शटरला दोन कुलपं होती, डावीकडे एक, उजवीकडे एक. डाव्याची चावी नानांकडे, उजव्याची हसनमियाँकडे. दुसरी चावी कुणी करून घ्यायची नाही, असा दोघांचा नियम. म्हणजे दोघं आले तरच दुकान उघडायचं. हसनमियाँ शुक्रवारच्या नमाजाला गेले की नाना शटर ओढून पायरीवर बसत. खिळ्यासाठी आलेलं गिऱ्हाईकही त्यांच्या शेजारी बसे. एकदा नानांना सणसणीत ताप होता, तर रिक्षानं बाजारात आले, कुलूप काढलं आणि त्याच रिक्षानं घरी जाऊन झोपले. लोक हसायचे. पण अख्ख्या जन्मात त्या दोघांत कधी तंटा झाला नाही.

पुढे वय झालं, दुकान विकलं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात आणि शटर बटण दाबलं की आपोआप वर जातं. नाना त्या रस्त्यानं जात नाहीत. हसनमियाँना त्यांचा मुलगा मस्कतला घेऊन गेला.

तर हा गेम म्हणजे हसनमियाँचं डोकं. मागच्या ईदला आले होते, तेव्हा माझ्याच पडवीत बसून दोघांनी खाती उघडली. हसनमियाँ तिकडून, नाना इकडून, अशी जोडी करून खेळायचं. आता पासवर्ड ठेवायचा म्हटल्यावर नाना काय सोडतात? दोन कुलपांचा नियम लावला! अर्धा पासवर्ड एकानं टाकायचा, दुसऱ्यानं तोंड फिरवून नारळीकडे बघायचं. मग उरलेला अर्धा दुसऱ्यानं टाकायचा. दोघांच्या दोन्ही खात्यांना तसंच. म्हणजे पुरा पासवर्ड जगात कुणालाच ठाऊक नाही. "आता येऊ दे कुणाला चोरायला," नाना म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

पण मजा चालली होती हो. कानाला ते हेडफोन, त्यांचा आवाज इतका मोठा की हसनमियाँ मलाही ऐकू यायचे, आणि पडवीभर आरडाओरडा. हसनमियाँ तिकडे धडाधड गोळ्या झाडतायत, इकडे हे दारं लावतायत, आणि मध्येच "आज काय जेवलास रे?" माझे पाहुणे समुद्र सोडून यांनाच बघत बसायचे.

आणि मग ती संध्याकाळ आली. नानांनी सकाळीच कुठंतरी ऐकलं होतं, की हल्ली चोर माणसाचा हुबेहूब आवाज काढतात. झालं. गेममध्ये हसनमियाँच्या मागे तिघं लागले. ते जीव घेऊन पळत आले ते नानांच्या घरापाशी. आतून कडी.

"नाना, दार उघड!"

"कोण हाय?"

"अरे मी, हसन!"

"हसन कशावरून?"

"या अल्ला! नाना, उघड रे, मारतील मला!"

"आवाज काय, कुणाचा पण काढतात. वळख सांग."

हसनमियाँ उंबऱ्यावरच मेले. गेममध्ये हो. मग हेडफोनमधून त्यांचा आवाज आला, अगदी उतरलेला. "अख्खी जिंदगी एका शटरखाली काढली आपण. आणि तू मला विचारतोस, हसन कशावरून?" आणि ते गेममधून निघूनच गेले.

त्यानंतर मस्कतहून फोन नाही. नानांनीही केला नाही. "रुसलाय, येईल," म्हणायचे. मी म्हटलं, "चूक तुमची, तुम्हीच करा." तर फुरंगटून बसले. पण रोज यायचे, एकटेच त्या बेटावर उतरायचे. आणि मी बघत होते ना, सगळी दारं लावायचे, फक्त शेवटच्या घराचं एक दार उघडं ठेवायचे आणि आत उभे राहायचे. कुणीतरी अनोळखी यायचा आणि यांना मारून जायचा. मला असा राग यायचा, काय सांगू.

त्यातच तो गेम अपडेट झाला आणि सगळ्यांना बाहेर काढून म्हणू लागला: पासवर्ड टाका. नानांनी आपला अर्धा टाकला आणि थांबले. मी जाऊन डोकावले.

"द्या इकडे," मी म्हटलं. "कंपनीला विचारू."

कंपनीशी बोलायचं तर आधी आपण यंत्र नाही, माणूस आहोत, हे सिद्ध करायचं. नाना भडकले. "मी माणूस हाय का, हे इचारणारा हा कोण? त्यानं सांगावं आधी, तो कशावरून माणूस?" कसंबसं समजावलं. मग चित्रं आली: ज्या चौकोनांत बोट दिसते ते निवडा.

अहो, रेवदंड्याच्या माणसाला हे विचारायचं असतं का? "यात बोट न्हाय," नाना म्हणाले. "ही होडी. हा मचवा. ही रेवसच्या धक्क्याला लागती तसली लाँच. बोट कुठाय?"

"नाना, त्यांच्या लेखी सगळ्या बोटीच."

"मंग त्यांना कळत न्हाय. चुकीचं कसं दाबू?"

तेवढ्यात मासळीची पाटी घेऊन पार्वतीबाय आल्या. पाटी उतरवून त्यांनीही डोकं घातलं आणि म्हणाल्या, "हा मचवा तर आमच्या दिराच्या मचव्यासारखाच दिसताय." मग दोघांचं त्या मचव्याच्या डोलकाठीवरून जे जुंपलं! तोवर वेळ संपला. पुढचं चित्र सिग्नलचं आलं. सिग्नल बघायला आम्हाला कुठं लांब जायला लागेल, विचार करा.

अखेर मीच भराभर सगळं दाबलं आणि आत शिरलो. तिथं एक रिया नावाची मदतनीस. ती पण यंत्रच, लिहून उत्तरं देणारं. 'नमस्कार! मी रिया. मी आपली काय मदत करू?' नाना विरघळले. एका बोटानं टाइप केलं, 'बाय, जेवलीस काय?' रिया म्हणाली, 'क्षमस्व, मला समजलं नाही.' नाना म्हणाले, "कामात असंल पोर." मग दोन कुलपांची सगळी हकीकत तिला लिहिली, शटर, शुक्रवार, ताप, रिक्षा. रियाचं एकच म्हणणं: 'पासवर्ड विसरलात? इथे दाबा.'

"बघा, किती सोपं," मी म्हटलं. "दाबा."

"मी विसरलोच न्हाय."

"अहो, पण..."

"माझा अर्धा मला पाठ हाय. हसनचा हसनपाशी हाय. विसरलाय कोण? खोटं कशाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मोबाइल पुढ्यात, त्यावर ती रिकामी चौकट, आणि हे मुकाट नारळीकडे बघत बसलेले. पाहुण्यांना आधारकार्ड विचारेनात. भरती मोठी आहे म्हटलं, तर "असंल," म्हणाले. असंल! 'कशावरून' नाही!

माझं डोकं फिरलं. मी मोबाइल ओढून घेतला आणि दाबलं एकदाचं 'विसरलात?' टुण् करून ओटीपी आला. "हं, सांगते मी नंबर. नवा पासवर्ड ठेवा आणि खेळा."

नानांनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. मोरीकडे नाही गेले. तसेच खाली बसले, मोबाइल मांडीवर पालथा घालून.

"नवा केला की तो माझ्या एकट्याचा व्हईल."

"मग चांगलंच आहे की!"

"मंग हसनच्या चावीचं काय करायचं?" ते म्हणाले. "दुकान गेलं, शटर गेलं. माझ्या दाराची येवढीच एक चावी उरलीय गो त्याच्याकडं. ती पण निकामी करू?"

एवढे दिवस मी याला हट्ट समजत होते. माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरले की मला आणखी राग येतो.

"मग फोन करा त्यांना!" मी खेकसले.

"तो करंल."

"कशावरून?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नानांना हा सवाल केला असावा. त्यांनी निमूटपणे नंबर लावला आणि आवाज मोठ्यानं ठेवला, बहुधा मी जवळ असावी म्हणून.

"कोण?" मस्कतहून आवाज आला.

"मी. नाना."

तिकडून, "नाना कशावरून?"

मला हसू की रडू झालं. नाना माझ्याकडे बघायला लागले, शाळेत पाठ चुकलेल्या पोरागत. मग त्यांनी सदरा वर केला. करगोट्याला एक पितळेची चावी अडकवलेली होती, ती मुठीत धरली आणि म्हणाले, "डाव्या कुलपाची चावी हाय माझ्यापाशी. दांडी वाकडी हाय तिची. तू वाकवलीस, रंगाचा डबा उघडताना. मी लई शिव्या दिल्या व्हत्या."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"उजवी माझ्याकडं आहे रे," हसनमियाँ म्हणाले. "इथं आणलीय. सून विचारते, अब्बा, ही कशाची चावी? काय सांगू तिला?"

"दुकानाची म्हणून सांग."

"आणि तुझा अर्धा पासवर्ड पण. अमानत आहे, सांभाळलाय. माझा गेम पण बंद पडलाय, नाना."

"मंग 'विसरलो' दाबायचं व्हतंस!"

"मी कुठं विसरलोय?"

नाना हसले. किती दिवसांनी हसले! पडवी दणाणली. मग एकदम गंभीर होऊन मला म्हणाले, "सुमे, तू आत जा. पासवर्ड सांगायचाय."

मी गेले बाई आत. खिडकीतून ऐकू येत होतं, कान काय कापून ठेवू? यंदा बोंबील कसे वाळतायत. मशिदीजवळची चिंच पाडली का. मस्कतला पाव मिळतो पण आपल्यासारखा नाही. गुडघ्याला कुठलं तेल लावतोस. चहा करून बाहेर आणला, तोवर फोन संपला होता आणि नाना करगोट्याची गाठ पुन्हा पक्की करत होते.

"मिळाला पासवर्ड?"

नानांनी जीभ चावली. "राहिलाच गो इचारायचा. उद्या इचारतो."

त्यालाही आता बरेच दिवस झाले. रोज संध्याकाळी फोन लागतो, रोज मला आत पिटाळतात, आणि रोज विचारायचं राहतं. गेम दोघांचाही बंदच आहे. पर्यटकांना पुन्हा आधारकार्ड द्यावं लागतंय.

काल मी मुद्दाम म्हटलं, "नाना, आज तरी आठवणीनं विचारा हं."

"घाई काय हाय?" चहा बशीत ओतत नाना म्हणाले. "पासवर्ड मिळाला की परत दारं लावत फिरावं लागंल. मंग त्याच्याशी बोलणार कवा?"